संस्थेची स्मृती आणि साहेबांचा अंदाज

भारतीय राज्यघटनेच्या ५१-क कलमात वैज्ञानिक दृष्टिकोन वाढवणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून नोंदले आहे. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ते तिथे आले. महाराष्ट्रात त्यावर पुष्कळ लिहिले-बोलले गेले आणि त्याची किंमतही मोजली गेली. मात्र ही चर्चा बहुतांशी बुवाबाजी, भानामती, मुहूर्त आणि ग्रहण यांच्याभोवती फिरत राहिली. त्यातून सुशिक्षित माणसाचा एक सोयीचा समज झाला आहे: अंधश्रद्धा घरात, देवळात नाहीतर गावाच्या वेशीवर असते, कार्ड पंच करून ऑफिसात किंवा कारखान्यात शिरलो की आपण आपोआप शास्त्रीय होतो. तिथे यंत्रे आहेत, संगणक आहेत, इंजिनिअर आणि एमबीए आहेत, मग अंधश्रद्धेला जागा कुठली?

या पुस्तकाचा वाद त्या समजाशी आहे. ‘डेडलाइन आवळली की काम लवकर होते’, ‘इन्सेंटिव्ह लावला की उत्पादन वाढते’, ‘दोघांना झापले की बाकीचे सरळ होतात’, ‘अमक्या कंपनीने केले आणि ती वर आली, आपणही करू’, ही विधाने आपल्या बैठकांत रोज होतात आणि त्यांवर लाखोंचे निर्णय घेतले जातात. यांतले एखादे खरे असेलही. पण ते तपासले कोणी? एखादे औषध बाजारात आणायचे तर वर्षानुवर्षे चाचण्या द्याव्या लागतात. हजार माणसांच्या पगाराची पद्धत बदलायला मात्र एका साहेबांचा ‘पंचवीस वर्षांचा अनुभव’ पुरतो, आणि बदल फसला तर ‘लोकांनी नीट अंमलबजावणी केली नाही’ हे उत्तर तयार असते. जे विधान कोणत्याही निकालाने खोटे ठरत नाही, त्याला विज्ञानात किंमत नसते. व्यवस्थापनात त्याला बढती मिळते.

म्हणून सुरुवातीलाच स्पष्ट करतो की, या पुस्तकात वैज्ञानिक दृष्टिकोन म्हणजे आकडे, आलेख किंवा सॉफ्टवेअर नव्हे. तो वागण्याचा एक शिस्तबद्ध प्रकार आहे. आपला अंदाज उघडपणे मांडायचा, काय दिसले तर तो चूक मानू हे आधी सांगायचे, बदल केला तिथली आणि केला नाही तिथली स्थिती ताडून पाहायची आणि निकाल मनासारखा नसला तरी सगळ्यांपुढे ठेवायचा. यातले पहिले कलम सोपे आहे. उरलेली तीन अवघड आहेत, कारण ती बुद्धीपेक्षा खुर्चीला जास्त टोचतात.

या वाटेवर पहिले मोठे नाव येते फ्रेडरिक टेलर यांचे, आणि पहिली मोठी फसगतही तिथेच होते. १८९९ च्या सुमारास अमेरिकेतल्या बेथलेहेम स्टील कारखान्यात बिडाच्या लगडी उचलून रेल्वेच्या वाघिणीत भरण्याच्या कामाचा त्यांनी अभ्यास केला. एक लगड ९२ पौंडांची. एक मजूर दिवसाला सरासरी साडेबारा टन भरत असे. योग्य माणूस निवडून, काम आणि विश्रांती यांचे माप ठरवून देऊन आणि मजुरी वाढवून हा आकडा ४७ टनांवर नेल्याचे टेलर यांनी १९११ च्या ‘द प्रिन्सिपल्स ऑफ सायंटिफिक मॅनेजमेंट’ या ग्रंथात सांगितले. पुढे इतिहासकारांनी कारखान्याची जुनी कागदपत्रे धुंडाळली, तेव्हा ही हकिकत पुस्तकात दिसते तितकी नेटकी नव्हती हे उघड झाले. त्याच १९११ मध्ये वॉटरटाउन येथील सरकारी शस्त्रागारात ओतकाम करणाऱ्या कामगारांनी स्टॉपवॉचच्या विरोधात काम थांबवले. प्रकरण अमेरिकन काँग्रेसच्या चौकशीपर्यंत गेले आणि काही वर्षांत सरकारी शस्त्रागारांत स्टॉपवॉच वापरण्यावर बंदी आली.

टेलर यांनी हाताच्या कामाकडे गंभीरपणे पाहिले, हे त्यांचे ऋण मान्य करावे लागते. पण त्यांच्या पद्धतीत मोजला जाई तो मजूर, आणि मोजणारा स्वतः कधीच मोजला जात नसे. विचार करायचा तो नियोजन खात्याने, हालचाल करायची ती मजुराने, अशी ही वाटणी होती. आपल्याकडे आजही ‘सायंटिफिक’ हा शब्द ऐकला की शॉप फ्लोअरवरच्या माणसाच्या कपाळाला आठी पडते. त्याचे मूळ या वाटणीत आहे, आणि ती आठी अगदीच निराधार नाही.

खरे वळण आले ते शिकागोजवळच्या वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या हॉथॉर्न कारखान्याच्या निमित्ताने. तिथे टेलिफोनचे भाग तयार होत. वॉल्टर शूहार्ट या पदार्थविज्ञानाच्या माणसाने १६ मे १९२४ रोजी आपल्या वरिष्ठांना एक छोटे टिपण पाठवले. त्यात एक साधा आलेख होता: मध्ये सरासरीची रेघ, वर आणि खाली एकेक मर्यादेची रेघ आणि त्यांच्या दरम्यान वरखाली होणारे ठिपके. आज त्याला कंट्रोल चार्ट म्हणतात. त्यामागची कल्पना अशी की, कोणतीही प्रक्रिया दर वेळी हुबेहूब तोच निकाल देत नाही. थोडी चढउतार तिच्या स्वभावातच असते. ठिपका मर्यादांच्या आत नेहमीसारखा हलत असेल, तर ‘आज का वाढले?’ हा प्रश्नच व्यर्थ आहे. तो बाहेर गेला किंवा त्याच्या हालचालीत काही वेगळा क्रम दिसू लागला, तर मात्र काहीतरी विशेष घडले आहे आणि ते शोधलेच पाहिजे.

हे वाचताना सोपे वाटते. आता एखादी मासिक आढावा बैठक आठवा. पडद्यावर तक्ता येतो. मार्चमध्ये रिजेक्शन ३.१ टक्के, एप्रिलमध्ये ३.८. एप्रिलच्या चौकोनाला लाल रंग. ‘का वाढले?’ असा प्रश्न येतो. खातेप्रमुखाला उत्तर द्यावेच लागते, म्हणून तो देतो: नवीन ऑपरेटर, लग्नसराईतल्या रजा, मालाची बॅच. मग फॉर्म भरला जातो. ‘मूळ कारण’ या रकान्यात ‘ऑपरेटरचे दुर्लक्ष’, ‘उपाययोजना’ या रकान्यात ‘ऑपरेटरला समज दिली’. मे महिन्यात आकडा ३.२ वर येतो, चौकोन हिरवा होतो आणि समज लागू पडली असे सगळ्यांना वाटते. आधीच्या दोन-तीन वर्षांचे आकडे एका रेघेवर मांडले असते, तर कदाचित दिसले असते की ही प्रक्रिया अडीच ते चार टक्क्यांच्या दरम्यान कायम हेलकावे खाते आहे. वाढ झाली तीही तिच्या चालीने आणि घट झाली तीही तिच्याच चालीने. ऑपरेटरच्या फाइलमध्ये मात्र समजपत्र राहून गेले, आणि अडीच टक्क्यांचा एक कशाने होईल हा खरा प्रश्न कोणी विचारलाच नाही. कोणत्याही नामांकित कंपनीचे चकचकीत सभागृह असो की भोसरीतल्या जॉब वर्क करणाऱ्या शेडमधली केबिन, हा प्रयोग फार थोड्या फरकाने चालू असतो.

शूहार्ट यांचे विचार जगभर नेले ते एडवर्ड्स डेमिंग यांनी. १९५० मध्ये जपानी शास्त्रज्ञ आणि अभियंत्यांच्या संघटनेच्या निमंत्रणावरून त्यांनी तिथे व्याख्याने दिली. दुसऱ्याच वर्षी जपानने त्यांच्या नावाने पारितोषिक सुरू केले. आपल्या व्याख्यानांत ते एक खेळ करून दाखवत. डब्यात ४००० मणी, त्यांतले ३२०० पांढरे आणि ८०० लाल. श्रोत्यांमधून सहा ‘कामगार’ निवडायचे. प्रत्येकाने ५० खळग्यांची फळी मण्यांत बुडवून वर काढायची. पांढरे मणी म्हणजे चांगला माल, लाल म्हणजे खराब. डेमिंग स्वतः मुकादम होत. ज्याच्या फळीवर लाल मणी कमी आले त्याचे कौतुक करत, ज्याच्या जास्त आले त्याला दटावत, बोधवाक्ये लावत, शेवटी निम्म्यांना कामावरून काढत. प्रेक्षक हसत, कारण उघडच होते की डब्यातच पाचवा हिस्सा लाल मणी आहेत.

याचे गणित करून पाहण्यासारखे आहे. दर फळीत सरासरी १० लाल मणी येणार. शूहार्ट यांच्या रीतीने मर्यादा काढल्या तर त्या साधारण दीड आणि साडेअठरा येतात. म्हणजे एका कामगाराला ४ लाल मणी आले आणि दुसऱ्याला १६, तरी दोघांच्या कौशल्यात तसूभर फरक नाही. आता दर वर्षीच्या अप्रेझलमध्ये आपण ज्या फरकांवर इन्क्रिमेंट ठरवतो, त्यांतले किती फरक ४ आणि १६ च्या जातीचे असतील? सगळेच तसे असतात असा दावा नाही. पण तपासल्याशिवाय ते सांगता येत नाही, आणि आपण तपासत नाही.

हे ज्ञान आपल्यापर्यंत पोहोचले नाही असेही नाही. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ मध्ये स्थापलेल्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या पुढाकाराने खुद्द शूहार्ट १९४७-४८ मध्ये भारतात येऊन गेले. डेमिंग यांची जपानमधली गाजलेली व्याख्याने त्यानंतरची आहेत.

आता एक असा अभ्यास पाहू, जो आपल्या अगदी जवळचा असून मराठी वाचकांपर्यंत फारसा आलेला नाही. २००८ मध्ये निकोलस ब्लूम, अप्रजित महाजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईच्या उत्तरेला तारापूर आणि उंबरगाव या पट्ट्यातल्या कापड गिरण्यांत एक प्रयोग सुरू केला. १७ कंपन्या, त्यांच्या २८ गिरण्या. कुटुंबांच्या मालकीच्या, शंभर ते हजार माणसांच्या. व्यवस्थापनाच्या ३८ साध्या पद्धतींची यादी केली: यंत्राची देखभाल वेळापत्रकाने करणे, सूत आणि सुट्या भागांचा साठा नोंदणे, दोषांची रोज चर्चा करणे, अशा त्या पद्धती. नवलाईचे यांत काहीच नव्हते. नेमलेले सल्लागार सगळ्या कंपन्यांकडे गेले, पण चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवड करून काहींना फक्त महिनाभर पाहणी मिळाली आणि काहींना त्यापुढे आणखी चार महिने अंमलबजावणीत मदत.

या गिरण्यांत दोष लिहिले जात नव्हते का? जात होते. मेंडिंग खात्यात कापड तपासून दुरुस्त होई आणि वहीत नोंद पडे. पण ती नोंद मुख्यतः गिऱ्हाइकाने सूट मागितली तर पडताळून पाहण्यासाठी असे. कोणत्या मागावर, कोणत्या पाळीत, कोणत्या जातीचा दोष वाढतो आहे, हे त्या वहीला कधी कोणी विचारलेच नव्हते. सल्लागारांनी नोंदी तशा लावायला आणि रोज त्यांवर बैठक घ्यायला शिकवले. पहिल्या वर्षात मदत मिळालेल्या गिरण्यांची उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली.

या आकड्याइतकेच महत्त्व तुलनेच्या गटाला आहे. अशा काळात सुताचे भाव, मागणी, विजेची स्थिती काहीही बदलू शकते. तुलनेला गिरण्या नसत्या, तर तेजीचे श्रेय सल्लागाराने घेतले असते आणि मंदीचे खापर कामगारांवर फुटले असते. मालकांचे म्हणणेही नोंदवण्यासारखे आहे. हे आधी का केले नाही, यावर अनेकांचे उत्तर होते की, आमचा माल आजूबाजूच्यांइतकाच चांगला आहे, मग वेगळी उठाठेव कशाला? शेजाऱ्याकडे पाहून समाधान मानणे हा अडाणीपणा नाही. पुराव्याची दुसरी सोय नसली की शहाणा माणूसही तेच करतो.

या अभ्यासाचा दुसरा अंक पहिल्याहून महत्त्वाचा आहे, आणि ‘संस्थात्मक शिक्षण’ हे या पुस्तकाचे दुसरे सूत्र तिथूनच सुरू होते. संशोधक २०१७ मध्ये त्याच गिरण्यांत परत गेले. प्रयोगात स्वीकारलेल्या पद्धतींपैकी सुमारे निम्म्या सुटून गेल्या होत्या. दोन्ही गटांतले अंतर तरीही बरेच टिकून होते, आणि काही पद्धती त्याच मालकांच्या दुसऱ्या गिरण्यांत पसरल्याही होत्या. पण निम्म्या सुटल्या. कारणांमध्ये ठळक होते ते व्यवस्थापक बदलणे आणि मालकांना वेळ न मिळणे. व्यवस्थापक नोकरी सोडून गेला आणि शिकलेले त्याच्याबरोबर गेटबाहेर गेले. शिकला होता तो माणूस. संस्था शिकलीच नव्हती.

अहमदाबादेत हेच अर्धशतक आधी दिसले होते. लंडनच्या टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूटचे ए. के. राइस यांनी १९५३ मध्ये कॅलिको मिल्समध्ये स्वयंचलित माग चालवण्याची नवी रचना सुचवली. प्रत्येकाला एक तुकडा काम देण्याऐवजी मागांच्या एका समूहाची जबाबदारी कामगारांच्या एका गटावर सोपवायची. कामगारांनी ही कल्पना उचलून धरली आणि तिला आकारही दिला. टेलर यांनी ज्याला विचार करण्यापासून मोकळे केले होते, तोच माणूस इथे रचनाकार झाला. १९७० मध्ये एरिक मिलर यांनी पाहणी केली तेव्हा एका विणकाम खात्यात ही रचना जवळपास जशीच्या तशी टिकलेली होती. अन्यत्र ती विरून जुनी घडी परत बसली होती. कंपनी एक, कल्पना एक, मुक्काम निराळे. असा फरक दिसला की तो का पडला हे विचारणे हाच पुढचा अभ्यास असतो.

संस्था शिकते म्हणजे नेमके काय, याचे एक उत्तर क्रिस आर्जिरिस यांनी दिले. त्यांनी शिकण्याचे दोन थर सांगितले. टार्गेट चुकले, मग जोर वाढवला, हा पहिला थर. हे टार्गेट मुळात कोणत्या गृहीतावर ठरले आणि ते गृहीत बरोबर आहे का, हा दुसरा. हुशार, यशस्वी माणसे पहिल्या थरात तरबेज असतात आणि दुसऱ्या थराशी आली की बचावात जातात, हे त्यांचे निरीक्षण. ज्यांनी बोर्डरूम पाहिली आहे त्यांना त्यासाठी आणखी पुरावा लागणार नाही.

चुका वर कळवणे किती नाजूक असते, हे एमी एडमंडसन यांच्या १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रुग्णालयांच्या अभ्यासात दिसले. चांगल्या परिचारिका-गटांत औषधांच्या चुका कमी असतील अशी त्यांची अपेक्षा होती. नोंदी उलट निघाल्या: ज्या गटांचे नेतृत्व चांगले, तिथे चुका जास्त. उलगडा असा की तिथे चुका जास्त होत नव्हत्या, तर सांगितल्या जात होत्या. इतर ठिकाणी त्या झाकल्या जात. ‘झीरो डिफेक्ट’ची पाटी टांगलेल्या खात्याचा शून्य आकडा वाचताना हे ध्यानात ठेवावे.

आयते उपाय उचलणाऱ्यांसाठी आणखी एक जोडी. शस्त्रक्रियेआधी वाचायची जागतिक आरोग्य संघटनेची यादी नवी दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत वापरली गेली, तेव्हा मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात अशी यादी १०१ रुग्णालयांत लागू झाली. २०१४ मध्ये आलेला निकाल ०.७१ वरून ०.६५, म्हणजे संख्याशास्त्राच्या दृष्टीने न धरण्याजोगा. पहिल्या अभ्यासात तुलनेचा स्वतंत्र गट नव्हता, हे एक कारण असू शकते. वरून हुकूम आला म्हणून खुणा करणे आणि थांबून एकमेकांना विचारणे यांतला फरक, हे दुसरे. म्हणून यादी कुठूनही आणावी, पण ती आपल्याकडे चालते का हे आपणच पाहावे.

या दृष्टिकोनाच्या मर्यादा झाकून ठेवण्याचे कारण नाही. प्रत्येक निर्णयावर प्रयोग करता येत नाही. कारखाना हलवायचा की नाही याच्या चिठ्ठ्या टाकता येत नाहीत. लहान संस्थेत आकडे इतके थोडे असतात की त्यांतून निष्कर्ष काढणे धाडसाचे ठरते. आकड्याला बक्षीस जोडले की माणसे काम सोडून आकडा सांभाळू लागतात. आणि जुन्या फिटरला यंत्राच्या आवाजावरून जे कळते, ते अजून कोणत्याही तक्त्यात उतरलेले नाही. त्याच्या अनुभवाला इथे कोणी नाकारत नाही. उलट त्याला अंदाजाचा दर्जा द्या, तो लिहून घ्या आणि तपासा, म्हणजे तो निवृत्त झाल्यावर त्याचे शहाणपण संस्थेकडे राहील, एवढेच मागणे आहे.

पुढची प्रकरणे चढउतार, तुलना, चुकांची नोंद आणि स्मृती याच क्रमाने जातात. गणित शाळेतल्या सरासरीच्या फार पलीकडे जात नाही. कारखाना नसलेल्या वाचकानेही ती वाचावीत. सहकारी बँक, शाळा, दवाखाना, नगरपालिका यांनाही हाच ताप आहे.

वाचकाकडे एकच आग्रह आहे. पुढचा कोणताही मोठा बदल करण्याआधी एका कागदावर तीन ओळी लिहा: यातून काय होईल असे आम्हाला वाटते, ते केव्हापर्यंत दिसेल आणि काय दिसले तर आम्ही निर्णय मागे घेऊ. खाली तारीख घाला, सही करा आणि कागद सगळ्यांना दिसेल असा ठेवा. सही सर्वांत वरच्या माणसाची हवी. ती करायला तो तयार नसेल, तर खालच्यांच्या प्रशिक्षणावर त्या संस्थेने पैसे खर्च करू नयेत.